उतारावर गवत 'टाकून' देणाऱ्यांना एक खुलं पत्र

रस्ते, कालवे, बंधारे आणि इमारतींसाठी उतार कापणाऱ्या, भराव घालणाऱ्या सर्व अभियंत्यांना, ठेकेदारांना आणि त्या कामांची बिलं मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी उतारांवर गवत लावतो. तुमचं काम संपत आलं की मला फोन येतो आणि फोनवरचं वाक्यही ठरलेलं असतं : "बाकी सगळं झालंय, तेवढं गवत टाकून द्या." काँक्रीट ओततात, सळई बांधतात, दगड रचतात, गवत मात्र टाकतात. एवढ्या एका क्रियापदात माझं निम्मं गाऱ्हाणं आलं.

मी पोचतो तेव्हा डोझर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. वरची काळी माती पहिल्याच महिन्यात कुठल्या तरी खड्ड्यात गेलेली असते. उतार असा तासून, घोटून गुळगुळीत केलेला असतो की फोटोत फार छान दिसतो. माथ्यावरचा चर 'पुढच्या टप्प्यात' असतो. पाऊस पंधरा दिवसांवर आलेला असतो, आणि बजेटमध्ये जे उरलंय ते माझं.

अशाच एका भरावाची गोष्ट सांगतो. जागा आणि माणसं कोण, याला महत्त्व नाही. बारा-एक मीटर उंची, एकास दीडचा उतार (एक मीटर उंचीला दीड मीटर आडवं अंतर), म्हणजे जवळपास ३४ अंश. बी पेरलं, वरून आच्छादन घातलं, पाणी दिलं. तीन आठवड्यांत बोटभर गवत आलं. हस्तांतराचे फोटो निघाले, सगळे खूश. मग एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी पाहतो तर बाकीचा उतार शाबूत, पण मधोमध माथ्यापासून पायथ्यापर्यंत गुडघाभर खोल घळ पडलेली. तिथलं गवत पायथ्याशी गुंडाळलेल्या सतरंजीसारखं पडलं होतं. उचलून पाहिलं. पांढऱ्या बारीक मुळ्या विंचरल्यासारख्या एकाच दिशेला वळल्या होत्या. वर चढून बघितलं तर कारण दोन मिनिटांत सापडलं. रस्त्याच्या कडेची कठडीवजा पाळ एका जागी खचली होती आणि सगळ्या रस्त्याचं पाणी तेवढ्या फटीतून उतारावर येत होतं. अहवालात लिहिलं गेलं : 'गवत लागवड अयशस्वी.'

ते वाचून मी गप्प बसलो, ही माझी चूक. हे पत्र त्या चुकीची भरपाई म्हणून लिहितोय. मला म्हणायचंय ते एवढंच : उतारावरचं गवत म्हणजे कामावरची रंगसफेदी नाही, ते मातीकामाचाच भाग आहे. म्हणून ते मातीकामाच्या वेळीच सुरू झालं पाहिजे, आणि त्याचे पैसे जगलेल्या गवताला मिळाले पाहिजेत, पेरलेल्या बियाला नव्हे.

आधी पाण्याचं बोलू. उतारावर माती दोन तऱ्हांनी जाते. पहिली तऱ्हा दिसत नाही, म्हणून तिची गणतीच होत नाही. पावसाचा मोठा थेंब, म्हणजे पाचेक मिलिमीटरचा, जमिनीवर सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने आदळतो. ताशी ३० किलोमीटरच्या वर. उघड्या मातीवर तो छोट्या स्फोटासारखा फुटतो. मातीचे कण ६० सेंटिमीटरपर्यंत उंच आणि दीड मीटरपर्यंत बाजूला उडू शकतात. सपाट जमिनीवर हा हिशेब सारखा सुटतो, इकडची माती तिकडे, तिकडची इकडे. उतारावर मात्र खालच्या बाजूला उडालेला कण जास्त लांब पडतो. प्रत्येक थेंबागणिक माती थोडी थोडी खाली सरकते, पाणी वाहायला लागण्याच्याही आधी.

विश्वास बसत नसेल तर पहिल्या सरीनंतर उघड्या उतारावर गुडघे टेकून, नाक जमिनीला लावून बघा. जिथे जिथे बारीक खडा आहे तिथे तो खडा मातीच्या इवल्याशा खांबावर उभा असतो. बाजूची माती उडून गेली, खड्याने आपल्याखालची तेवढी राखली. खांब एक सेंटिमीटरचा असेल तर सगळ्या उतारावरून एक सेंटिमीटर माती गेली असं समजा. मी साइटवर नव्या मुलांना पहिल्यांदा हेच दाखवतो. मातीला टोपी हवी, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी तऱ्हा सगळ्यांना दिसते : वाहणारं पाणी, ओघळ, घळी. इथे उताराचा तीव्रपणा जेवढा मोजला जातो तेवढी त्याची लांबी मोजली जात नाही. मातीची धूप मोजण्याचं जे समीकरण जगभर वापरतात ते विशमायर आणि स्मिथ या दोघांनी अमेरिकेत मांडलं, १० हजारांहून अधिक प्लॉट-वर्षांच्या (एक प्लॉट-वर्ष म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याची एका वर्षाची मोजणी) नोंदींवरून. त्यानुसार उताराची लांबी दुप्पट झाली की दर चौरस मीटरची धूप साधारण १.४ पट होते. क्षेत्रही दुप्पट झालंय, म्हणजे एकूण माती जवळजवळ तिपटीने जाते. म्हणून लांब उतार मधे आडव्या पायरीने तोडायचा, पायरीला आतल्या बाजूला हलका ढाळ द्यायचा आणि पाणी कडेच्या पक्क्या नालीत सोडायचं. माथ्यावर आडवा चर काढून वरचं पाणी उतारावर येऊच द्यायचं नाही. हा चर गवताच्या आधी झाला पाहिजे. आधी म्हणजे आधी. चर झालेला नसेल तर मला फोन करू नका, मी फक्त तुमचे पैसे वाहून जायची सोय करीन.

त्याच समीकरणाच्या तक्त्यातले काही आकडे मी वहीत लिहून ठेवलेत. वर झाडोरा नसलेली, नांगर न लागलेली जमीन घेतली आणि तिच्यावर गवताचं आच्छादन मुळीच नसलं तर धुपीचा गुणक (नांगरून उघडी ठेवलेल्या जमिनीची धूप १ धरली तर) ०.४५ आहे. ४० टक्के जमीन गवताने झाकली की तो ०.१० होतो, ६० टक्क्यांना ०.०४२, ८० टक्क्यांना ०.०१३ आणि ९५ टक्क्यांच्या वर गेलं की ०.००३. जरा थांबून बघा. ४० वरून ८० टक्क्यांवर गेलं की गवत दुप्पट होतं, पण धूप जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येते. ८० वरून ९५ च्या वर नेलं तर ती आणखी चौपटीहून कमी होते. म्हणजे शेवटच्या टप्प्यातही धूप पटीपटीने घटते; नेमका तोच टप्पा, जो 'आता दिसतंय की हिरवं' म्हणून आपण सोडून देतो. लांबून विरळ गवतही दाट दिसतं, विशेषतः पायथ्याशी उभं राहून तिरप्या नजरेने पाहिलं तर. उतारावर चढून सरळ खाली बघितल्याशिवाय आच्छादन कळत नाही.

आता गुळगुळीतपणाकडे येतो. हा माझा सगळ्यात जुना वाद आहे आणि दर वेळी मीच हरतो, कारण गुळगुळीत उतार बघायला चांगला दिसतो आणि मोजमापाला सोपा पडतो. पण बी घोटीव मातीवर थांबत नाही. ते आणि पाणी हातात हात घालून पायथ्याला जातात. मग पायथ्याशी दाट गवताचा पट्टा, वर टक्कल. असा उतार दिसला की समजावं, बी चांगलं होतं, जमीनच त्याला थारा देत नव्हती.

त्यावर उपाय फुकटचा आहे. साखळीच्या पट्ट्यांचा डोझर उतारावर खालीवर, म्हणजे माथा ते पायथा, चालवायचा. त्याच्या पट्ट्यांवरच्या आडव्या दातांचे ठसे मग उताराला आडवे उमटतात. प्रत्येक ठसा म्हणजे इवलासा बांध. त्यात पाणी थबकतं, बी अडकतं, बारीक माती साठते. चालकाला सोयीचं वाटलं म्हणून किंवा कोणी सांगितलंच नाही म्हणून डोझर उतारावर आडवा फिरला, तर तेच ठसे माथ्याकडून पायथ्याकडे उमटतात आणि प्रत्येक ठसा तयार पन्हळ होतो. यंत्र तेच, डिझेल तेवढंच, फरक फक्त दिशेचा. अर्थात यंत्र चढेल आणि उलटणार नाही एवढाच उतार असेल तर. त्याहून तीव्र असेल तर बकेटच्या दातांनी आडवे ओरखडे काढा, नाहीतर माणसं लावून कुदळीने आडव्या खाचा पाडा. नवा डोझर चालक साइटवर आला की मी त्याला चहाच्या आधी हे सांगतो.

घट्टपणाचंही तसंच. भराव नीट दाबलाच पाहिजे, याबद्दल माझी तक्रार नाही. राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये मातीच्या दाबाईची जी कसोटी मांडली तिच्यातल्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांचा आग्रह तुम्ही धरता, तो बरोबरच आहे. पण मुळ्यांना ८५ टक्क्यांच्या आसपासची माती सोसते. त्यापुढे त्या आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावरच पसरत राहतात. गाभा ९५ ठेवा, फक्त वरचा वीतभर थर मोकळा सोडा. दोघांचंही भागतं.

वरच्या सुपीक मातीचं एक तंत्र आहे. काम सुरू होताना ती वेगळी काढून ढीग घालून ठेवा, एवढी विनंती तर आहेच. पण परत पसरताना जास्त प्रेम दाखवू नका. गुळगुळीत, कठीण उतारावर फूटभर काळी माती थापली की ती पहिल्या मोठ्या पावसात पाणी पिऊन जड होते आणि ओल्या घोंगडीसारखी अख्खीच्या अख्खी घसरते. तीव्र उताराला १० सेंटिमीटर पुष्कळ झाली, तीही खालचा थर खरवडून, दोन्ही थर एकमेकांत गुंतवून. खालची माती निकृष्ट असेल तर तपासणी करून नत्र-स्फुरद द्या, पण नत्राचा मारा नको. पाला जोमात येतो, मुळं आळशी होतात आणि उतारावर आपल्याला मुळांशी काम आहे. मिश्रणात एखादं द्विदल घातलं तर नत्राची सोय पुढे तेच पाहतं.

बियाबद्दल थोडक्यात. एकाच जातीवर भरवसा नको. पसरणारं हवं, ठोंबाचं हवं, आणि पहिल्या आठवड्यात उगवून बाकीच्यांना सावली धरणारं एखादं पाहुणं गवतही हवं. मात्र पाहुण्याचं बी बेताने टाका, नाहीतर तोच घर बळकावतो. बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून फेकलं की एकसारखं पडतं. निम्मं आडवं फेका, निम्मं उभं. नंतर हलकं दाबा, मातीचा आणि बियाचा स्पर्श झाला पाहिजे. सेंटिमीटरभराहून खोल पुरलेलं बारीक बी वर येत नाही.

आणि मग आच्छादन. वाळलेलं गवत किंवा पेंढा हेक्टरी चार-पाच टन, म्हणजे चौरस मीटरला साधारण अर्धा किलो. त्यातून माती कुठे कुठे डोकावली पाहिजे; पूर्ण झाकली तर कोंबाला वर यायला वाट राहत नाही. एकास दोनपेक्षा तीव्र उतारावर नुसता पेंढा टिकत नाही, वारा आणि पाणी दोघेही त्याला नेतात. तिथे तागाची किंवा काथ्याची जाळी लागते. ताग वर्ष-दोन वर्षांत कुजतो, काथ्या त्याहून बराच जास्त टिकतो. गवत सावकाश येणार असेल तिथे काथ्या घ्या.

जाळी अंथरणं हे उतारावरचं सगळ्यात फसवं काम. अंथरली की काम झाल्यासारखं दिसतं. मी एका साइटवर, दुसऱ्या कोणी अंथरलेल्या जाळीखाली हात घातला, तर कोपरापर्यंत आत गेला. वर जाळी ताणून बसवलेली, शिवणीसारखी सरळ, आणि खाली पाण्याने आपली स्वतंत्र नाली खणलेली. जाळी ताणायची नसते. ती मातीवर सैल, ओल्या कपड्यासारखी अंगाला चिकटून बसली पाहिजे. प्रत्येक खळग्यात उतरली पाहिजे. माथ्यावर वीतभर खोल चर काढून तिचं टोक त्यात पुरायचं, खुंट्या मारायच्या, माती भरून दाबायचं. नाहीतर पाणी पहिल्यांदा तिथूनच आत शिरतं. दोन तुकडे जोडताना वरच्याची कड खालच्यावर यायला हवी, छपरावरच्या कौलांसारखी. उलटी जोडली तर प्रत्येक सांधा हे पाण्याचं तोंड. तयार हिरवळीचे तुकडे लावायचे असतील तर ते उताराला आडवे, विटांच्या रचनेसारखे सांधे चुकवून, पायथ्यापासून वर चढत लावा आणि प्रत्येकाला लाकडी खुंटी मारा. उभ्या पट्ट्या लावलेल्या मी पाहिल्यात. फार शोभेच्या होत्या, पहिल्या पावसापर्यंत.

फवारणीने बी पेरण्याबद्दल मला विचारतात. पाणी, बी, लाकडाचा किंवा कागदाचा लगदा, चिकटवण आणि खत एकत्र करून पाइपने मारायचं. पद्धत चांगली आहे, माणूस चढू शकत नाही अशा जागी तर फारच. पण एक गोष्ट बिल मंजूर करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. त्या लगद्यात हिरवा रंग असतो, कुठे मारलंय आणि कुठे राहिलंय हे फवारणाऱ्याला कळावं म्हणून. त्यामुळे उतार त्याच संध्याकाळी हिरवा दिसतो. ती हिरवळ रंगाची आहे. तिचा फोटो फाइलला लावून पैसे देऊ नका.

आता वाळ्याविषयी, कारण अलीकडे दर बैठकीत कोणी ना कोणी त्याचं नाव काढतोच. जगात तो व्हेटिव्हर म्हणून ओळखला जातो. तमिळमधल्या 'वेट्टिवेर'वरून आलेलं नाव. जॉन ग्रीनफील्ड यांनी १९५० च्या दशकात फिजीतल्या उसाच्या उतारांवर माती धरायला तो वापरला आणि १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कामातून त्याचा प्रसार झाला. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत. मुळाची ताणशक्ती सरासरी ७५ मेगापास्कल धरतात, साध्या पोलादाच्या साधारण सहावा हिस्सा. लागवडीसाठी वापरतात त्या जातीला रुजणारं बी धरत नाही, त्यामुळे तो शेजारच्या रानात तण होऊन पसरत नाही. मातीखाली गाडला गेला तर गाडलेल्या पेरांतून नव्या मुळ्या फोडून वर येतो. हे सगळं खरं.

पण वाळा हिरवळ नव्हे, ती कुंपणाची रांग आहे. ठोंब समपातळीत, १०-१५ सेंटिमीटरवर लावायचे आणि उंचीच्या दर एक-दोन मीटरला अशी एक रांग. मधल्या जागेत पसरणारं गवत लागतंच. रांगेत एकही ठोंब मेलेला चालत नाही. पाणी बरोबर त्या दातपडक्या जागेतून वाट काढतं. म्हणून महिन्याभराने पुन्हा जाऊन खाडे भरायचे असतात, आणि त्या दुसऱ्या फेरीचे पैसे टेंडरमध्ये कधीच नसतात. शिवाय त्याला सावली मानवत नाही. झाडांखालच्या उतारावर वाळा लावायला सांगणाऱ्याने तो लावून पाहिलेला नाही एवढंच मी म्हणेन.

आणि कुठलंही गवत काय करू शकत नाही तेही आमच्याकडून ऐका. बहुतेक गवतांच्या मुळांचं दाट जाळं वरच्या फूटभरात असतं. ते धूप थांबवतं, वरवरची माती सांधतं. तीन-चार मीटर खोलातून घसरणारा डोंगर ते धरत नाही. माथ्यावर उताराला समांतर भेगा दिसत असतील, पोटातून पाणी पाझरत असेल, पायथा नदीने किंवा खोदाईने कापला असेल, तर आधी भूतंत्रज्ञाला बोलवा; आतल्या पाण्याचा निचरा, पायथ्याला दगडी जाळीचा आधार, भिंत, जे लागेल ते करा. तिथे गवत लावून भेगा झाकणं हा गुन्हा आहे, कारण मग त्या कोणाला दिसत नाहीत. एकास एकच्या मोकळ्या मातीच्या उतारावर 'जरा दाट गवत लावा' म्हणणाऱ्यांना मी आता नाही म्हणतो.

पाण्याचं एक वाक्य : बारीक तुषारांनी, थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा, आणि ओघळ दिसायच्या आत बंद. टँकरचा मोठा पाइप उतारावर सोडणारा माणूस पावसाचंच काम करत असतो. जनावरं पहिलं वर्षभर दूर ठेवा; कापणी घाईने करू नका, आणि केलीत तरी चार बोटं गवत उभं राहू द्या.

आता मुख्य मागणी. तुमच्या करारात गवत ही शेवटची ओळ असते, चौरस मीटरमध्ये. ती ओळ वर घ्या. उताराची खोदाई माथ्याकडून खाली येते. मग गवतही तसंच खाली आणा. वरची पहिली पायरी झाली की यंत्र तिथेच असताना ती खरवडा, माती द्या, पेरा, जाळी अंथरा, आणि मग पुढची पायरी कापा. पायथा कापून होईल तोवर माथ्यावर बोटभर गवत आलेलं असतं. शेवटी बारा मीटरच्या उघड्या उतारावर दोर बांधून माणसं लटकवायची वेळच येत नाही.

आणि बिलाचे तीन तुकडे करा. एक पेरणी-जाळीच्या वेळी, दुसरा उगवण झाल्यावर, तिसरा आणि सगळ्यात मोठा पावसाचा एक पूर्ण हंगाम गेल्यावर, आच्छादन मोजून. मोजायला काही अवघड नाही. मीटरभर चौकट घ्या, उतारावर माथा, मध्य, पायथा अशा दहा-वीस जागी टाका, आतली झाकलेली जमीन मोजा. अमेरिकेत बांधकामाच्या जागेला काम संपल्याचा शेरा मिळवायला, आसपासच्या न छेडलेल्या जमिनीवर स्थानिक वनस्पतींचं जेवढं आच्छादन असतं त्याच्या निदान ७० टक्के आच्छादन एकसारखं, मोठी टकलं न ठेवता आणावं लागतं. 'एकसारखं' हा त्यातला कामाचा शब्द. सरासरी ८० टक्के आणि मधे एक उघडा पट्टा, असा उतार नापासच धरा. ठेकेदार मंडळी माझ्यावर चिडतील, पण या अटीने माझेही पैसे अडकणार आहेत, हे त्यांनी लक्षात घ्यावं. मी तयार आहे. फक्त दुसऱ्या फेरीचा, खाडे भरण्याचा आणि पाण्याचा खर्च दरात धरा.

ज्या घळीवरून मी सुरुवात केली तिथे मी नंतर गेलो होतो. घळ मुरूम टाकून बुजवली होती, वर पुन्हा बी फेकलं होतं, थोडं उगवलंही होतं. रस्त्याच्या कडेची पाळ तशीच खचलेली होती. मी तिथे तीन दगड आणि दोन पाट्या माती टाकून आलो. त्या जागेचे अधिकारी हे वाचत असतील तर त्यांना सांगतो, ती दुरुस्ती तात्पुरती आहे. पुढच्या पावसाच्या आत पक्की करून घ्या. ठोंब घेऊन मी येतो.

आपला,
एक गवत लावणारा